खोत, मुंजा आणि संकासुर

तुंबाड हे गाव खरंखुरं आहे आणि ते कोकणातल्या खेड तालुक्यात आहे, जगबुडीच्या काठी. मुंबईत हे सांगितलं की बरेच जण चकित होतात; त्यांना ते सिनेमासाठी रचलेलं नाव वाटत असतं. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली आली आणि मराठी वाचकांच्या मनात हे गाव पक्कं बसलं. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. नाव त्यानं या कादंबरीकडून घेतलं, गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या भयकथेतून. पहिल्या वेळी तो बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा मात्र पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला.

खेडमधल्या माणसाला या सिनेमाबद्दल तटस्थपणे बोलता येत नाही. माझ्या मामाला तर नाहीच.

मामा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाला. वाडीत त्याची ओळख वेगळी आहे. तरुणपणी तो शिमग्याच्या नमनात गवळणीतली मावशी व्हायचा, मग बरीच वर्षं संकासुर, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मृदंगवाल्याच्या शेजारी बसतो. मी मुंबईत सिनेमा आणि मालिकांच्या ध्वनीचं काम करते. कोणी काय पाहिलं याची खबर आम्ही एकमेकांना वर्षभर फोनवर देतो आणि समोरासमोर आलो की भांडतो. या वेळचं भांडण लिहून काढावंसं वाटलं, कारण त्यात आलेले बहुतेक सिनेमे कोकणातले होते.

मामा : ‘तुंबाड’ परत बघितला. तू म्हणालीस म्हणून आवाज मोठा करून बघितला. दिसायला देखणा आहे, त्यात वादच नाही. पण त्यातला पाऊस मला पटत नाही. देवांचा कोप म्हणून पाऊस पडतो म्हणे! आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तो पडला नाही तर खरा कोप. त्याच पावसात चिखलणी होते, लावणी होते. त्या सिनेमात लावणीचं एक दृश्य मला तरी आठवत नाही.

मी : भयकथा आहे ती, मामा. तिथला पाऊस शेतकऱ्याचा नाही, वाड्यात अडकलेल्या माणसाचा आहे. आणि तो पाऊस खरा मिळावा म्हणून त्या लोकांनी पावसाळ्यांमागून पावसाळे वाट पाहिली. माझ्या कामाच्या नजरेनं सांगते, असा ओला सिनेमा आपल्याकडे दुसरा झालेला नाही. भिंती ओल्या, कपडे ओले, आवाजसुद्धा ओला. माणसं घरात शिरली तरी पाऊस बंद होत नाही, नुसता दबतो.

मामा : ते ऐकू आलं मला. पण पावसाची भीती म्हणजे काय, ते मला सिनेमानं शिकवायला नको. २०२१ च्या जुलैत जगबुडीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. तिकडे चिपळूण बुडालं, आपल्या तालुक्यात पोसऱ्यात दरड कोसळली, माणसं गेली. त्या पावसावरचा सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. शापाचा पाऊस दाखवायला मात्र कॅमेरे येतात.

मी : हे तुझं खरं आहे. पण त्याचं ओझं ‘तुंबाड’वर टाकू नकोस. त्यानं जे हाती घेतलं ते नीट केलंय.

मामा : बरं, मग खोत कुठाय त्यात? पेंडशांच्या तुंबाडात खोत आहे, त्याची कुळं आहेत, चार पिढ्यांचा चढ आणि उतार आहे. नाव घ्यायचं आणि खोतच गाळायचा, हे कसं?

मी : खोत आहे. त्याला सगळे ‘सरकार’ म्हणतात, एवढंच. पडका वाडा, त्यात मरायला टेकलेला म्हातारा, त्याच्याकडे राबणारी बाई, तिला त्याच्यापासून झालेली मुलं, आणि त्या मुलांच्या वाट्याला काहीच नाही. साल बघ, १९१८. पुढचं प्रकरण १९३३ मध्ये आणि शेवटचं १९४७ मध्ये, वाडा आता सरकारजमा होणार अशी बातमी येते तेव्हा. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करायचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं ते १९३७ साली, आणि खोती कायद्यानं गेली १९४९ साली. म्हणजे खोतीचे शेवटचे दिवस आणि सिनेमाचे दिवस एकच आहेत. न राबता जमिनीच्या पोटातून पिढ्यान् पिढ्या काढत राहायचं, हेच सरकारचा मुलगा विनायक करतो ना?

मामा बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं जे सांगितलं ते मला कधीच सुचलं नव्हतं.

मामा : त्या राक्षसाकडे, हस्तरकडे, सोनं ढीगभर आहे, आणि तो हपापलेला आहे पिठासाठी. पिठाच्या बाहुल्या दाखवून त्याला फसवतात. खोत कुळाकडून काय घ्यायचा? धान्य. अर्धेल घ्यायचा. वर वेठ घ्यायचा, ते वेगळं. सोनं असून धान्यावर डोळा... हे बरोबर बसतंय. पण हे तुझ्याशी बोलताना बसलं. सिनेमा बघताना मला नुसती किळस आली.

मी : किळस यायलाच हवी होती.

मामा : खोत दाखवावा तर ‘नारबाची वाडी’सारखा. म्हातारा मेला की वाडी आपली म्हणून खोत त्याला महिन्याला पैसे देतो, आणि म्हातारा काही मरत नाही. दिलीप प्रभावळकर काय दिसलेत त्यात! ती आपल्या मातीतली गोष्ट.

मी : मामा, ती गोष्ट बंगालची आहे. मनोज मित्र यांचं ‘साजानो बागान’ नावाचं नाटक. त्यावर १९८० साली तपन सिन्हांनी बंगालीत सिनेमा केला, ‘बांछारामेर बागान’. आदित्य सरपोतदारांनी २०१३ मध्ये ते कोकणात आणलं. तिथला जमीनदार आपला खोत झाला.

मामा : असेल. बंगालातल्या कुळांनीही तेच भोगलं असेल. माती म्हणजे गोष्ट कुठे जन्मली ते नव्हे गं. नारबाचा दिवस त्या वाडीत जातो. झाडाला पाणी घालणं, त्यावर हात फिरवणं, कोण आलं-गेलं बघणं. सिनेमातल्या माणसाचा दिवस मला दिसला पाहिजे. सकाळी उठून तो काय करतो? तुझ्या विनायकाचा असा दिवस दाखव.

मी : आहे की. पीठ मळणं, बाहुल्या करणं, दोर बांधून खाली उतरणं, हस्तरच्या लंगोटीतल्या मोहरा घेऊन वर येणं. तोच त्याचा धंदा. आणि म्हातारपणी तो धंदा पोराला शिकवतो. बाप मुलाला विहिरीत उतरायची तालीम देतो, ते बघताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली. राक्षसाची नव्हे, शिकवणीची.

मामा : हो. पोरगं बापासारखं व्हायला बघतं, ते फार वाईट वाटतं. ते मान्य.

इथे थोडं विषयांतर करते. खोत हा कोकणच्या सिनेमात सारखा भेटतो, पण आपण त्याला ओळखत नाही. पालगड खेडहून फार लांब नाही. सानेगुरुजींचे वडील तिथले खोत, आणि श्यामच्या घरची गरिबी ही खालावलेल्या खोताच्या घरची गरिबी आहे. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये तीच कथा पुन्हा कृष्णधवल रंगात केली. मामाला पहिल्यातल्या वनमालाबाईंच्या पुढे कोणी दिसत नाही. मला नवा जास्त आवडतो, कारण त्यात कर्ज आणि अपमान अंगावर येतात. यावर आमचं जमलं नाही आणि जमेल असंही वाटत नाही.

मामा : सरपोतदारांचाच ‘मुंज्या’ बघितला. पोरं हसत होती, मीही हसलो. पण ‘नारबाची वाडी’ करणारा माणूस संगणकावरच्या भुताकडे का वळला?

मी : म्हणजे काय? तो मधल्या काळात ‘झोंबिवली’ करून आला. भयपट हा त्याचा आवडीचा प्रांत आहे. आणि ‘मुंज्या’ जून २०२४ मध्ये आला, हिंदीत आला, मोठे तारे नसताना शंभर कोटींच्या वर गेला. देशभरच्या पोरांना मुंजा म्हणजे काय ते कळलं. लहानपणी पिंपळाखालून जाताना तूच मला घाबरवायचास. तीच भीती आहे ती.

मामा : मी घाबरवायचो ते तू तिन्हीसांजेला एकटी भटकू नयेस म्हणून. आपल्याकडे भुताच्या गोष्टीला काम असतं. पोराला विहिरीपासून लांब ठेवायचं, झाडावरून उतरवायचं. त्या सिनेमातल्या भुताला काय काम आहे? लग्न करायचं आहे त्याला.

मी : मुलीला विचारल्याशिवाय लग्न करायचं आहे. नकार ऐकूनच घ्यायचा नाही, असं भूत. मला वाटतं पोरींना ते लगेच ओळखू आलं असणार.

मामा : सुहास जोशींनी आजी मात्र छान केली. ती आजी खरी वाटली.

‘मुंज्या’वर आम्ही एवढंच बोललो आणि तेवढं पुरे आहे. भीतीचाच विषय निघाला म्हणून मी हृषीकेश गुप्ते यांच्या ‘जारण’बद्दल विचारलं. जून २०२५ मध्ये आलेल्या या सिनेमात करणी खरी की बाईच्या मनातलं दुखणं, हा प्रश्न आहे आणि अमृता सुभाष तो आपल्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत तोलून धरतात. मामा म्हणाला, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला तरी वाडीत कोणाची म्हैस आटली की पहिला संशय शेजारणीवर जातो, तेव्हा सिनेमानं उत्तर मोघम ठेवायला नको होतं. मला मोघमपणातच त्याची ताकद वाटते. तरी मामाचं म्हणणं मी सोडून देणार नाही. ज्या बाईवर गाव संशय घेतं तिच्या बाजूनं पाहिलं तर मोघमपणा महाग पडतो.

खरी जुंपली ती ‘दशावतार’वरून. सुबोध खानोलकर यांचा हा सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला आला. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी त्यांनी उभा केला. बाबुलीची नजर अधू होत चालली आहे आणि मुलाला वाटतं, आता त्यानं काम थांबवावं.

मामा : बाबुली रंगायला बसतो, आरशात बघतो आणि त्याला धड दिसत नाही. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात आपोआप चालतात गं! आम्हीसुद्धा कंदिलाच्या उजेडात रंगलोय. कमरेला घुंगरं बांधली, काळा झगा आणि उंच टोपी चढवली, पांढरी दाढी लावली की घरचं दुखणं, कर्ज, साहेबाची बोलणी सगळं बाहेर राहतं. मुलगा त्याला थांब म्हणतो. माझीही पोरं म्हणाली. म्हणून मी मृदंगाजवळ जाऊन बसलो. बाबुली बसत नाही.

मी : पूर्वार्ध मलाही तेवढाच आवडला. बाप-लेकाचं बोलणं खरं आहे. पण नंतर खाण कंपनी येते, दुष्ट माणसं येतात, आणि बाबुली एकेक अवतार घेऊन उभा राहतो. तिथे मला ‘कांतारा’ दिसायला लागला. पार्श्वसंगीतानं सगळा ताबा घेतला. दशावताराचे खरे आवाज, पायपेटी, मृदंग, झांज, ते मागे पडले.

मामा : मला तिथे संगीताचा त्रास नाही झाला. मला कंपनीचा झाला.

मी : कंपनीचा?

मामा : कंपनी म्हणजे नुसता राक्षस. तसं सोपं असतं तर बरं झालं असतं. मी लोट्याला आयुष्य काढलं. तिथल्या पगारावर हे घर उभं राहिलं, पोरं शिकली, तुझ्या आईच्या लग्नाला मी उभा राहिलो. आणि त्याच लोट्याच्या सांडपाण्यानं दाभोळच्या खाडीत मासे मेल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या. खाडीकाठचे लोक बाजारात भेटले की माझ्याशी नीट बोलायचे, पण त्यांच्या नजरेत असायचं ते असायचं. मी पाळीवर जायचो आणि पाळी संपली की तालमीला जायचो. कंपनीतला आणि नमनातला माणूस एकच होता. आता सांग, माझ्यासारख्यानं त्या सिनेमात कोणावर अवतार घेऊन धावून जायचं?

मी : तो सिनेमा सिंधुदुर्गाचा आहे. तिथे खाण येते तेव्हा डोंगरच जातो. तिथे मधली जागा नसते.

मामा : असेल. मी खाणीची बाजू घेत नाहीये. पण कोकणात लढे माणसांनी लढवले ना? गुहागरला एन्रॉनच्या वेळी, जैतापूरला, परवा २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर. एप्रिलच्या उन्हात बायका सड्यावर बसून राहिल्या. ग्रामसभा, ठराव, पोलीस, कोर्ट, घराघरातली भांडणं. एक भाऊ जमीन विकायला तयार, दुसरा नाही. देव अंगात येऊन प्रश्न सुटत नाहीत, हे दशावतारी माणसाला तर पक्कं ठाऊक असतं, कारण पहाटे तोच रंग पुसतो.

मी यावर उलट बोलले, की सिनेमाला न्याय दाखवायचा हक्क आहे, जो बाहेर मिळत नाही तो तरी तिथे मिळू दे. थिएटरात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. हे मी अजूनही मानते. पण लोट्याच्या पगारावर जगलेला आणि खाडीचं दुःख कळणारा माणूस आपल्या कोणत्याच सिनेमात नाही, हे मामानं दाखवून दिलं, आणि त्यानंतर मला ‘दशावतार’चा उत्तरार्ध आधीसारखा बघता येणार नाही.

मी : मग तुला पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ आवडायला हवा. त्यात राक्षस नाही. कानला २०२४ मध्ये ग्राँ प्री मिळालं त्याला. मुख्य स्पर्धेत पुन्हा भारतीय सिनेमा जायला तीस वर्षं लागली होती.

मामा : तू लावून दिलास आणि समोर बसून राहिलीस म्हणून पुरा झाला. फार संथ. पण ती पार्वती! छाया कदम. गिरणी कामगाराची विधवा, इस्पितळात स्वयंपाक करते, राहती जागा बिल्डर घेतोय आणि तिच्याकडे कागद नाही. ही बाई मी पाहिलेली आहे. तुझे आजोबा परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि ते गावी आले ते कायमचे. आमच्याकडे कागद होता म्हणून खोली तरी राहिली. ज्यांचे कागद कोणाच्या तरी पेटीत राहिले, त्यांचं काय झालं ते विचारू नकोस.

मी : मग संथ का म्हणतोस?

मामा : पार्वती गावी येते तिथपर्यंत मी तिच्याबरोबर होतो. रत्नागिरीत आल्यावर सिनेमा दुसऱ्यांचाच झाला. तिच्याबरोबर आलेल्या दोन नर्सा समुद्रावर फिरतात, त्यातल्या एकीचा दोस्त येतो, गुहेत जातात. आणि कोणी विचारत नाही! आपल्या वाडीत परकी जोडी दुपारी दिसली तर संध्याकाळपर्यंत तिचं आडनाव, गाव आणि उतरायची जागा सगळ्यांना कळते. मुंबईत त्यांना कोणी बघत नाही असं वाटायला हवं आणि इथे सगळे बघतात असं वाटायला हवं. त्यांनी उलटं केलंय.

मी : मुंबईतच त्यांना जागा नाही, एकांत नाही, हाच तर सिनेमा आहे. रत्नागिरी त्यांना मोकळं वाटतं, कारण त्या तिथल्या नाहीत. तुला कोकण कधी मोकळं वाटणार नाही, कारण तू इथला आहेस. आणि खरं सांगू? मला गावाला आल्यावर पहिली भीती वाटते ती याच बघण्याची. त्या सिनेमात तासभर मला तीन बायका कोणाला उत्तर न देता समुद्रावर बसलेल्या दिसल्या. ते खरं आहे की नाही, याच्याशी मला घेणं नव्हतं. ते हवं होतं मला.

मामा : हवं असलेलं दाखवायचा हक्क त्यांना, आणि खाणवाल्यांना मारायचा हक्क ‘दशावतार’ला. सगळ्यांचे हक्क तू मान्य करतेस.

मी : करते. तू मात्र माणसाचा दिवस दिसला नाही की दार लावून घेतोस.

मामा : पार्वती गावी येऊन पुढे काय करणार, ते मला हवं होतं. घर साफ केलं, ठीक. उद्या? खाणार काय? कोणाच्या हॉटेलात भाकऱ्या भाजणार? बंद घर उघडायचं म्हणजे भाऊबंद येतात, हिस्सा निघतो, वाटेचा वाद निघतो. तिची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मला हे पटलं. छाया कदम यांना मध्यभागी ठेवून पुढचा सिनेमा कोणीतरी करावा, असं तेव्हापासून डोक्यात आहे. बाई चाकरमानी होऊन परत आली तर गावात तिची जागा कुठली, हा प्रश्न खेडच्या कुलूपबंद घरांच्या प्रत्येक वाडीत आहे.

बाईवरून लग्नाचा विषय निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘कुर्ला टू वेंगुर्ला’ आला, गावातल्या मुलांना बायको मिळत नाही यावरचा. मामाला तो अतिशय आवडला. त्याच्या वाडीत चाळिशीकडे झुकलेली, शेती-बागायत सांभाळणारी, चांगली मुलं आहेत. मुलीकडचे येतात, आंबे-काजू बघतात आणि मुंबईत खोली आहे का, असं विचारून परत जातात. मामा म्हणतो, या दुःखाकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. मी त्याला जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ दाखवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच माणसांना घेऊन केलेला सिनेमा, २०२३ मध्ये टोरांटोला गौरवलेला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागलेला. सुरुवातीलाच बायका रांगेत बसून एका मुलाला प्रश्न विचारतात, उंची किती, रंग कसा. मग तेच प्रश्न नायिकेला, सविताला, परत परत, पाटावर बसवून.

मामा : ती पाटावर बसते आणि माणसं बघतात, ते चार वेळा दाखवायची गरज होती का?

मी : खऱ्या मुलीला किती वेळा बसावं लागतं? तुला चारदा बघवत नाही.

मामा : (थोड्या वेळानं) तुझ्या मामीला बघायला आम्ही गेलो तेव्हा मी तिला शिवणकाम येतं का, असं विचारलं होतं. का विचारलं, मला आज सांगता येणार नाही.

मी : मुंबईत खोली मागणारी मुलगी आणि सविता एकच आहेत, मामा. तिला कळतं की तिला तोलायला माणसं येणार आहेत. मग तीही तोलते.

मामा : पण माझ्या वाडीतल्या पोरांचा त्यात काय दोष?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते दोन्ही सिनेमे मिळूनही देत नाहीत.

‘छावा’च्या वेळी आमच्या जागा बदलल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये मामा माझ्याकडे आला असताना आम्ही तो मोठ्या पडद्यावर पाहिला. खऱ्या-खोट्याचा एवढा आग्रह धरणारा मामा तिथे भारावून बसला होता. संगमेश्वर आपल्याच जिल्ह्यातलं. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज तिथे पकडले गेले, हे तो शाळेपासून ऐकत आलेला. मला त्या सिनेमाचा आवाज असह्य झाला. प्रत्येक डरकाळीवर ढोल, प्रत्येक वारावर गडगडाट. शांतता नसेल तर मोठ्या आवाजाला किंमत राहत नाही, हे आमच्या कामातलं पहिलं सूत्र. शिवाय संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा राजा मला त्यात जेमतेमच भेटला.

मामा : शेवटी साखळदंडात असताना कवी कलश आणि राजे एकमेकांना कविता म्हणतात, तिथे भेटला नाही?

मी : भेटला. तिथे आवाजही खाली आला होता, आठव.

मामा : तेव्हाच सगळं थिएटर रडत होतं.

मग मी त्याला विचारलं, की तुला हवा तसा सिनेमा कोणता? एकाच सिनेमाचं नाव घे. त्यानं ‘नारबाची वाडी’ म्हटलं. मी ‘तुंबाड’ म्हटलं. दोन्हींत खोत आहे, दोन्हींची बीजं दुसऱ्यांची आहेत आणि दोन्हींत म्हातारपण आहे, पण मामाचा म्हातारा वाडी धरून बसतो आणि माझा म्हातारा मोहरा. याहून जवळ आम्ही येऊ शकलो नाही.

मामा : दशावताराला सिनेमा मिळाला, चांगलं झालं. तो तळकोकणाचा. भूतकोलाला ‘कांतारा’ मिळाला. आमच्या नमनाला कोण आहे? शिमग्यात खेळे निघतात, मृदंग वाजतो, गण होतो, गवळण होते, संकासुर नाचतो. परळच्या दामोदरमध्ये नमन लागलं की चाकरमानी पाळी बदलून यायचे. सिनेमावाल्याला संकासुर हवा असेल तर तो भूत म्हणून हवा असतो, धुक्यातून येणारा. संकासुर लोकांना हसवतो, पोरांच्या मागे धावतो, तालुक्याच्या कारभारावर बोलतो. त्याच्यात माणूस असतो, आणि त्या माणसाला सकाळची पाळी असते.

मी : तो सिनेमा केला तर आवाज मी करीन. मृदंग स्टुडिओत वाजवून घ्यायचा नाही. अंगणात, रात्री, माणसांच्या गलक्यात घ्यायचा.

मामा : आणि कंपनीचा भोंगा घ्यायचा.

मी : भोंगाही घ्यायचा.

म्हणून हे वाचणाऱ्या सिनेमावाल्यांना एक विनंती आहे. कोकणात पावसाळी धुकं टिपायला येता तसे फाल्गुनात शिमग्यालाही या, आणि खेडला या. येताना पटकथा ठरवून आणू नका. भरण्यानाक्यावर उतरा, खेळे कुठल्या वाडीत आहेत ते विचारा आणि रात्रभर बसा. मृदंग वाजवणारी जुनी माणसं अजून आहेत, पण त्यांच्या शेजारी शिकायला बसलेली पोरं थोडी आहेत. निदान ध्वनिमुद्रण तरी येत्या शिमग्यात व्हायला हवं.